जशी जोपासना, तसे औषध
सागरी बुरशी आणि प्रतिजैविके : एक अभ्यासलेख

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, बाह्यरुग्ण व आंतररुग्ण विभागांचे आकडे आणि देणगीदारांची नामावली यांना स्थान असणे स्वाभाविकच आहे. त्यांच्या जोडीला वैद्यकशास्त्रातील एखादा विषय सर्वसामान्य वाचकांस समजेल अशा रीतीने मांडण्याचा आमचा प्रयत्न असतो. ज्यांच्या दातृत्वावर हे कार्य चालते ते देणगीदार, त्याची धुरा वाहणारे विश्वस्त आणि येथे विश्वासाने येणाऱ्या रुग्णांचे आप्तेष्ट या सर्वांना नित्य वापरातील औषधांमागील शास्त्राची थोडीफार ओळख असावी, एवढाच त्यामागील हेतू.

या वेळी निवडलेला विषय प्रथमदर्शनी रुग्णशय्येपासून फार दूरचा वाटेल. समुद्राच्या पाण्यात, किनाऱ्यावरील गाळात, वाहून आलेल्या लाकडावर किंवा शेवाळावर वाढणाऱ्या काही बुरशी जीवाणूंना मारक ठरणारी द्रव्ये निर्माण करतात. मात्र ते द्रव्य कोणते मिळेल, किती मिळेल, किंबहुना मिळेल की नाही, हे त्या बुरशीची वाढ कोणत्या परिस्थितीत झाली यावर अवलंबून असते. शस्त्रक्रियेच्या आधी शिरेतून दिले जाणारे सेफाझोलिन किंवा न्यूमोनियाच्या रुग्णास दिले जाणारे सेफ्ट्रियाक्झोन यांचे मूळ शोधत गेले, की आपण एका समुद्रकिनाऱ्यावर येऊन पोहोचतो. म्हणून या विषयाचा प्रारंभ तेथूनच करू.

कॅग्लिआरीचा किनारा

इटलीच्या सार्डिनिया बेटावर कॅग्लिआरी हे बंदराचे शहर आहे. दुसरे महायुद्ध संपत आले तेव्हा तेथील विद्यापीठात जुझेप्पे ब्रोत्झू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. शहरातील सांडपाणी सू सिक्कू नावाच्या जागी समुद्रास मिळत असे. अशा पाण्याच्या सान्निध्यात विषमज्वराचा, म्हणजे टायफॉईडचा, प्रादुर्भाव मोठा असावयास हवा होता. प्रत्यक्षात तो अपेक्षेपेक्षा कमी होता. सांडपाणी समुद्रात मिसळल्यावर स्वच्छ होते, त्यामागे एखादा सूक्ष्मजीव तर नसेल, असा विचार ब्रोत्झू यांच्या मनात आला. जुलै १९४५ मध्ये त्यांनी तेथील पाण्याचे नमुने घेतले आणि त्यांतून एक बुरशी वेगळी केली. तिचे त्या वेळचे नाव सेफॅलोस्पोरियम ॲक्रेमोनियम. पुढे ती ॲक्रेमोनियम क्रायसोजेनम या नावाने ओळखली जाऊ लागली.

ही बुरशी ज्या पोषक थरावर वाढे, त्याच्या आसपास विषमज्वराचे जीवाणू व गळवांना कारणीभूत होणारे जीवाणू वाढत नसत. ब्रोत्झू यांनी तिचा अर्क काढून काही रुग्णांवर वापरला आणि गुण आल्याचे त्यांना दिसले. अर्क अशुद्ध होता व त्यातील परिणामकारक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे काढण्याची साधने त्यांच्याजवळ नव्हती. १९४८ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी बुरशीचा नमुना इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी यांच्याकडे पाठविला. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचविणाऱ्या संशोधकांमध्ये फ्लोरी अग्रणी होते.

ऑक्सफर्ड येथे एडवर्ड अब्राहम व गाय न्यूटन यांनी या बुरशीचा अभ्यास हाती घेतला, आणि एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. बुरशी एक असली तरी तिच्या द्रवात जीवाणूरोधक द्रव्य एकच नव्हते. प्रथम हाती आलेल्या सेफॅलोस्पोरिन पी या द्रव्याचा प्रभाव मोजक्याच प्रकारच्या जीवाणूंवर होता. दुसरे, सेफॅलोस्पोरिन एन, हे पेनिसिलिनचाच एक प्रकार असल्याचे निष्पन्न झाले. तिसरे सेफॅलोस्पोरिन सी. ते १९५३ मध्ये सापडले, तेही दुसऱ्या द्रव्याचे शुद्धीकरण चालू असताना, अल्प प्रमाणात. परंतु त्यात एक मोलाचा गुण होता. पेनिसिलिनला दाद न देणारे काही जीवाणू ज्या विकराच्या साहाय्याने पेनिसिलिनचे विघटन करीत, त्या विकरास हे द्रव्य पुरून उरत असे. रुग्णालयांत असे जीवाणू वाढू लागल्याची चिंता त्या काळी पसरू लागली होती. १९६१ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने या द्रव्याची रचना निश्चित केली आणि १९६४ मध्ये या कुळातील पहिली औषधे वापरात आली. आज सेफॅलोस्पोरिन वर्गातील औषधे जगातील जवळजवळ प्रत्येक रुग्णालयाच्या औषधभांडारात आढळतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. सागरी बुरशींचे अभ्यासक दोन गट मानतात. केवळ समुद्रात किंवा खाडीतच वाढून बीजाणू धरणाऱ्या बुरशींचा एक गट, आणि मूळच्या जमिनीवरील किंवा गोड्या पाण्यातील असूनही खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या बुरशींचा दुसरा. ब्रोत्झू यांची बुरशी दुसऱ्या गटातील. तिचे भाईबंद मातीतही आढळतात. म्हणूनच वाढीच्या परिस्थितीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. एकच जीव मातीत, सांडपाण्यात व समुद्रात राहू शकत असेल, तर प्रत्येक ठिकाणी तो एकच द्रव्य निर्माण करील असे मानण्यास आधार उरत नाही.

बुरशी हे द्रव्य का बनविते?

बुरशीला जगण्यासाठी जे अत्यावश्यक असते, ते ती सदैव बनवीत असते. प्रतिजैविक त्या प्रकारात मोडत नाही. त्याच्यावाचूनही बुरशी वाढू शकते. म्हणून शास्त्रज्ञ अशा द्रव्यांना दुय्यम चयापचयातील द्रव्ये म्हणतात. अन्नाची रेलचेल असता बुरशी आपली शक्ती वाढण्याकडे लावते. अन्न आटू लागले, शेजारी स्पर्धक आले किंवा भोवतालची परिस्थिती पालटली, की ही दुय्यम द्रव्ये तयार होऊ लागतात.

आमच्या शेतकरी वाचकांना हे सांगण्याची गरज नाही. नत्राची मात्रा जास्त झाली की पीक माजते, पाला फोफावतो, पण दाणा भरत नाही. बुरशीचेही तसेच. भरभरून वाढलेली बुरशी भरपूर औषध देईल, हा समज चुकीचा आहे. वाढ आणि औषधनिर्मिती या दोन निरनिराळ्या गोष्टी असून, एकीला पोषक असलेली परिस्थिती दुसरीला मारक ठरू शकते.

अलीकडे बुरशींच्या जनुकांचे संपूर्ण वाचन शक्य झाले आहे. त्यावरून असे दिसून आले, की अशी द्रव्ये बनविण्याच्या सूचना देणारे कित्येक जनुकसमूह बुरशीच्या पेशीत असतात, पण प्रयोगशाळेतील नेहमीच्या परिस्थितीत त्यांतील बरेचसे मुकेच राहतात. या मुक्या जनुकांना बोलते करणे हे आजच्या संशोधनापुढील एक मोठे आव्हान आहे, आणि त्याची पहिली किल्ली म्हणजे जोपासना.

वाढीच्या परिस्थितीचे घटक

घरातील विरजणाचे उदाहरण घेऊ. दूध तेच, विरजणही तेच. पण नागपूरच्या उन्हाळ्यात दही काही तासांत लागून आंबट होते आणि महाबळेश्वरच्या थंडीत रात्रभर ठेवूनही लागत नाही. बुरशीच्या बाबतीत विचारात घ्यावयाचे घटक याहून अधिक आहेत. त्यांतील प्रमुख घटकांचा परिचय पुढे करून देत आहोत.

१. अन्न. ग्लुकोजसारखी झटपट पचणारी साखर भरपूर दिली, की बुरशी जोमाने वाढते. पण अनेक प्रतिजैविकांची निर्मिती दबते. सावकाश वापरली जाणारी साखर दिल्यास निर्मिती दीर्घकाळ चालते. १९४१ मध्ये ऑक्सफर्डचे संशोधक पेनिसिलिनचे उत्पादन वाढविण्यासाठी अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत गेले. तेथे अँड्र्यू मॉयर यांनी आधीच्या साखरेऐवजी दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरून पाहिली. मक्यापासून स्टार्च काढताना मका भिजविल्यावर उरणारे पाणीही त्यांनी त्या द्रवात मिसळले. या टाकाऊ पाण्यामुळे व साखरेच्या बदलामुळे पेनिसिलिनचे उत्पन्न अनेक पटींनी वाढले. ती बुरशी समुद्रातील नव्हती, पण तिने दिलेला धडा सर्व बुरशींना लागू पडला. नत्र व फॉस्फेट यांचा अतिरेकही निर्मितीस बाधक ठरू शकतो.

सेफॅलोस्पोरिनच्या बाबतीत मिथिओनिन या गंधकयुक्त ॲमिनो आम्लाचे महत्त्व विशेष आहे. ते पोषक द्रवात मिसळल्यास सेफॅलोस्पोरिन सीचे उत्पन्न लक्षणीय वाढते. त्यातील गंधक औषधाच्या रेणूत जातो, हे एक कारण. दुसरे असे, की मिथिओनिन मिळाल्यावर बुरशीचे लांब तंतू तुटून आखूड, फुगीर तुकडे होतात आणि औषधनिर्मितीचा वेग वाढतो.

२. प्राणवायू. सेफॅलोस्पोरिन सी तयार होण्याच्या वाटेवर बुरशी आधी पेनिसिलिन एन बनविते. ऑक्सफर्डच्या संशोधकांना सापडलेले दुसरे द्रव्य, सेफॅलोस्पोरिन एन, ते हेच. त्याच्या रेणूतील पाच अणूंचे कडे सहा अणूंचे होते, तेव्हा सेफॅलोस्पोरिनचा गाभा आकारास येतो. या टप्प्यावरील विकरास प्राणवायू लागतो. टाकीतील द्रवात प्राणवायू कमी पडला, तर ही पायरी अडते. पेनिसिलिन एन साचत जाते आणि हवे असलेले द्रव्य घटते. जोपासनेतील फरकाने औषधाचे प्रमाण बदलते, हे तर खरेच. पण कोणते औषध मिळेल हेही बदलते, याचे हे बोलके उदाहरण होय. मोठमोठ्या टाक्यांतून निर्जंतुक हवा सतत खेळवीत ठेवण्यामागे हेच कारण आहे. याउलट, काही बुरशी द्रव न हलविता त्याच्या पृष्ठभागावर साय धरू दिली, तरच अपेक्षित द्रव्य देतात.

३. तापमान, आम्लता व काळ. अंशा-दोन अंशांच्या फरकाने विकरांचा वेग बदलतो. पुष्कळदा वाढीसाठी योग्य असलेले तापमान औषधनिर्मितीसाठी किंचित जास्त ठरते व म्हणून वाढ पूर्ण झाल्यावर ते उतरवावे लागते. द्रवाची आम्लता बदलली तर तयार झालेले द्रव्य टिकेनासे होऊ शकते. काळाचे भानही तितकेच आवश्यक आहे. फार लवकर काढणी केली तर द्रव्य तयार झालेले नसते. फार उशीर केला तर त्याचे विघटन सुरू झालेले असते.

४. क्षार. सागरी बुरशींच्या संदर्भात हा घटक सर्वांत लक्षवेधी होय. समुद्राच्या पाण्यात साधारणतः साडेतीन टक्के क्षार असतात. प्रयोगशाळेत गोड्या पाण्याच्या माध्यमात वाढविलेली सागरी बुरशी कधी आपला मूळ गुण दाखवीत नाही, तर कधी समुद्राच्या पाण्यापेक्षा सौम्य माध्यमात अधिक द्रव्य देते. सर्वांना लागू पडेल असा एकच नियम येथे नाही. प्रत्येक वाणाची स्वतंत्र परीक्षा घ्यावी लागते. चीनमधील फूच्यान प्रांताच्या किनाऱ्यावर पुथ्येन येथे मिठागरे आहेत. तेथील गाळातून मिळालेली ॲस्परजिलस टेरियस ही बुरशी दहा टक्के मीठ असलेल्या माध्यमात, म्हणजे समुद्राच्या सुमारे तिप्पट खारटपणात, वाढविण्यात आली. तिच्यापासून तीन नवी संयुगे मिळाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांतील दोहोंत जीवाणूरोधक गुण आढळला. तो गुण बेताचाच होता, पण जेथील जीव तेथील खारटपणा त्यास देऊन पाहावा, ही दिशा त्यातून मिळाली.

५. सोबत. निसर्गात कोणतीही बुरशी एकटी नसते. बहामा बेटांजवळ एका तपकिरी शेवाळाच्या पृष्ठभागावरून पेस्टॅलोशिया जातीची बुरशी मिळविण्यात आली होती. एकटी वाढविली असता ती विशेष काही देत नसे. अमेरिकी संशोधकांनी तिच्या शेजारी एक सागरी जीवाणू वाढू दिला, तेव्हा मात्र तिने पेस्टॅलोन नावाचे नवे प्रतिजैविक निर्माण केले. बुरशी किंवा जीवाणू यांपैकी कोणा एकाच्या स्वतंत्र वाढीत ते सापडले नाही. हे संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जीवाणूंवरील त्याचा प्रभाव अतिशय तीव्र असल्याचे त्यात नोंदविलेले होते.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाचे ॲक्सेल त्सेक व त्यांचे सहकारी यांनी 'एक वाण, अनेक संयुगे' हे सूत्र मांडले. पोषक माध्यम, हवा, पात्राचा आकार यांसारख्या साध्या गोष्टींत पद्धतशीर फेरफार करीत गेल्यास एकाच सूक्ष्मजीवापासून अनेक निरनिराळी द्रव्ये मिळू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. नव्या औषधासाठी प्रत्येक वेळी नवा समुद्र धुंडाळण्याची गरज नाही. हाती असलेल्या जीवाची जोपासना बदलून पाहावी, हा त्याचा मथितार्थ.

गुण कसा मोजतात आणि कोठे फसगत होते

जीवाणूरोधक गुण पाहण्याची मूळ पद्धत साधी आहे. काचेच्या बशीत पोषक थर देऊन त्यावर जीवाणू पसरतात आणि मध्ये परीक्षणाचे द्रव्य ठेवतात. द्रव्य परिणामकारक असेल तर त्याच्याभोवती जीवाणूविरहित स्वच्छ वर्तुळ दिसते. आपल्या रुग्णालयातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागात रुग्णाच्या लघवीची किंवा पुवाची जी 'कल्चर' तपासणी होते, तिच्या एका पद्धतीचे तत्त्व हेच आहे. तेथे औषध भिजविलेल्या कागदी चकत्या ठेवतात आणि कोणत्या चकतीभोवती केवढे वर्तुळ पडले हे मोजतात. जीवाणू वाढण्यास व वर्तुळ उमटण्यास वेळ लागतो, म्हणून या अहवालासाठी दोन-तीन दिवस थांबावे लागते. रुग्णाच्या चिंतेने व्याकूळ झालेल्या आप्तांना हा विलंब असह्य वाटतो, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु जीवाणूची वाढ आपल्या सोयीने घाईत उरकता येत नाही.

बशीतील वर्तुळ म्हणजे औषध नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पेस्टॅलोनचेच पाहा. पुढे ते प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने बनविणे शक्य झाले. २०१३ मध्ये अशा कृत्रिम पेस्टॅलोनच्या परीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा आधी नोंदविलेली विलक्षण तीव्रता त्यात आढळली नाही. त्यामुळे बुरशीला सोबत देण्याच्या कल्पनेस बाध आला नाही, परंतु पहिल्या आनंदात काढलेला निष्कर्ष पुन्हा पुन्हा तपासावा लागतो, हे मात्र अधोरेखित झाले. प्रत्येक वेळी माध्यम, तापमान, क्षार, दिवस यांची काटेकोर नोंद ठेवली नाही, तर एका प्रयोगशाळेत मिळालेले द्रव्य दुसरीत मिळत नाही. त्यानंतरही विषारीपणाची परीक्षा, प्राण्यांवरील चाचण्या आणि रुग्णांवरील चाचण्या यांचा लांबचा पल्ला उरतोच. कॅग्लिआरीच्या नमुन्यापासून पहिल्या औषधापर्यंत सुमारे १९ वर्षे लोटली होती, ती उगाच नव्हेत.

आपल्या किनाऱ्याकडे पाहताना

हा विषय परदेशापुरता मर्यादित नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ॲन्टिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात बुरशी टाक्यांतून वाढवून पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि या देशातील रुग्णांना ते येथेच बनलेले मिळू लागले. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून कार्यरत आहे. अरबी समुद्राच्या तळाच्या गाळातील व कांदळवनांतील बुरशींवर तेथे दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. कोकणच्या खाड्यांतील तिवरांची वने आणि किनाऱ्यावरील मिठागरे ही अशा सूक्ष्मजीवांची वसतिस्थाने होत. भराव घालून ती बुजविताना आपण तिवरांबरोबर आणखी काय बुजवीत आहोत, याचा विचार अवश्य व्हावा.

दुसरी जोपासना

आतापर्यंत बुरशीच्या जोपासनेविषयी लिहिले. जोपासनेचा हा नियम ज्यांच्याविरुद्ध औषध वापरावयाचे त्या जीवाणूंनाही लागू पडतो, आणि ती जोपासना दुर्दैवाने आपल्याच हातून होत असते.

सर्दी-पडसे व बहुतेक साधे ताप विषाणूंमुळे येतात. त्यांवर प्रतिजैविकाचा काडीचा उपयोग नसतो. तरीही औषध घेतले, तर शरीरातील निरुपद्रवी जीवाणूंपैकी औषधाला बळी पडणारे मरतात व न पडणारे शिल्लक राहून वाढतात. अपुऱ्या मात्रेत घेतलेले औषध, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या, डॉक्टरांना न विचारता अर्ध्यावर सोडलेला उपचार या साऱ्या गोष्टी म्हणजे हट्टी जीवाणूंसाठी तयार केलेले पोषक माध्यमच होय. सेफॅलोस्पोरिनचे विघटन करणारी विकरे आज कित्येक जीवाणूंजवळ आहेत. पेनिसिलिनवर मात करणाऱ्या जीवाणूंना उत्तर म्हणून जे औषध समुद्रकाठी सापडले, त्याच्यावरही जीवाणूंनी उत्तर शोधले आहे. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधरोधी जीवाणूंच्या संसर्गामुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

भारत सरकारने तिसऱ्या व चौथ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिनांसह अनेक औषधे १ मार्च २०१४ पासून एच-१ या अनुसूचीत घातली आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदारास ठेवावी लागते. औषधाच्या वेष्टनावरील उभी लाल रेघ हीच सूचना देत असते. नियम आहेत, ते पाळण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावयाची आहे.

म्हणून रुग्णांच्या आप्तेष्टांस आमची नम्र विनंती आहे, की तपासणीसाठी नमुना घेईपर्यंत औषध थांबविण्यास डॉक्टरांनी सांगितले, तर त्यामागील कारण समजून घ्यावे. पहिली मात्रा आधी गेली, तर बशीत जीवाणू वाढत नाहीत आणि शत्रू कोण हे कळण्याचा मार्ग बंद होतो. रुग्णाची अवस्था गंभीर असल्यास अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू केले जातात आणि अहवाल आल्यावर आवश्यक तर औषध बदलले जाते. 'अजून जोरदार औषध द्या' असा आग्रह प्रेमापोटी होतो, हे आम्ही जाणतो. पण सर्वांत जोरदार औषध राखून ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे. ते कदाचित उद्या त्याच रुग्णास लागणार असते. डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्यावे, आणि रुग्णाजवळ जाण्यापूर्वी व परतताना हात धुवावेत. हात धुण्याने जो संसर्ग टळतो, त्याच्यासाठी कोणतेही प्रतिजैविक खर्ची पडत नाही.

समारोप

एडवर्ड अब्राहम व गाय न्यूटन यांना सेफॅलोस्पोरिनच्या पेटंटपासून मोठे उत्पन्न मिळू लागले. त्यातील फार मोठा भाग त्यांनी विश्वस्त निधी स्थापन करून वैद्यक, जीवशास्त्र व रसायनशास्त्र यांतील संशोधनासाठी अर्पण केला. ते निधी ऑक्सफर्ड येथील संशोधनास पुढेही साहाय्य देत राहिले. एका औषधाच्या उत्पन्नातून पुढील शोधांची जोपासना व्हावी, हा त्यामागील विचार. विश्वस्त निधीवर चालणाऱ्या आमच्यासारख्या संस्थेला या घटनेचे मोल अधिक वाटावे, यात नवल नाही.

आमच्या रुग्णालयात नवी प्रतिजैविके शोधली जात नाहीत. तो आमचा प्रांत नव्हे. असलेली प्रतिजैविके निष्प्रभ होऊ न देणे मात्र आमच्या हाती आहे. देणगीदारांच्या साहाय्याचा विषय निघाला की नवी यंत्रे व इमारती चटकन डोळ्यांपुढे येतात. सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील उबवण-पेटी, कागदी चकत्या, पोषक माध्यमाच्या बशा यांच्यावर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. तरीही कोणते औषध द्यावे आणि कोणते देऊ नये हे ठरविण्याचे काम तेथेच चालते, आणि त्या कामास पुरविलेले द्रव्य वाया जात नाही.

सांडपाण्याच्या मुखाशी सापडलेली एक बुरशी योग्य अन्न, पुरेसा प्राणवायू आणि जाणत्या माणसांची चिकाटी मिळाली तेव्हा असंख्य रुग्णांच्या उपयोगी पडली. यांतील एकाची जरी उणीव राहिली असती, तरी ती तेथेच अज्ञात राहिली असती. तिच्यापासून मिळालेल्या औषधाची काळजी वाहण्याचे काम आता आपल्या सर्वांकडे आहे.